सगळे महिने सारखेच वाजले

मी एक जुनी आवृत्ती आहे. संगणकावर आवाज वाजवण्याचा एक प्रोग्रॅम असतो ना, त्याची तिसरी आवृत्ती. माझ्यामागून आणखी चार आल्या आणि आता नव्या संगणकांवर माझं नावसुद्धा दिसत नाही. मला अंग नाही, म्हणून गंज नाही की सुरकुती नाही. पण मित्रांनो, म्हातारपण मलाही चुकलेलं नाही. थोडा वेळ कान दिलात तर माझी हकीकत सांगते. ती ऐकल्यावर लिफ्टचं बटण दाबताना तुमचं बोट क्षणभर अडखळेल, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म भाड्याच्या एका खोलीत झाला. खाली छापखाना होता, त्यामुळे जमीन दिवसभर थरथरायची. तिथे एक बाई आणि तिचा मावसभाऊ दोन संगणक घेऊन बसायचे. बाईचा स्वभाव कडक होता. पितळेच्या वाटीत नाणं टाकून, दाराची कडी वाजवून, कधी स्वतः खोकून ती ते आवाज टिपून घ्यायची आणि माझ्याकडून वाजवून बघायची. वाटी वाटीसारखी वाजली पाहिजे आणि खोकला खोकल्यासारखा, यापलीकडे तिचा हट्ट नव्हता.

मावसभाऊ एकदा म्हणाला, "ताई, थोडं गोड केलं आवाजाला, तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"गोडाने काय बिघडतं ते तुझ्या दातांना विचार," बाई म्हणाली. "आपण वाढपी आहोत रे, आचारी नाही. पातेल्यात जे आहे ते पानात गेलं पाहिजे. आपण मध्ये चमचा घालायचा नाही."

तेच माझे संस्कार. जे आत येईल ते मी बाहेर देते. वाईट असेल तर वाईट, खरखरीत असेल तर खरखरीत. गाणी ऐकणाऱ्यांनी माझं फार कौतुक केलं असं नाही. कौतुक झालं ते भलत्याच ठिकाणी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कुटुंबाच्या कचेरीत.

कचेरी म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकून जुन्या दोरांची भेंडोळी, कपाटात ग्रीसचे डबे, आणि खिडकीपाशी मी ज्यात राहते तो संगणक. त्याला जोडलेला माइक कुणी कधी बंद केला नाही, म्हणून खोलीतलं सगळं बोलणं मला ऐकू येतं. घरातल्या कर्त्या म्हाताऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यांचा थोरला मुलगा इमारतींमध्ये जाऊन लिफ्टची देखभाल करायचा. त्याची बायको, म्हणजे उस्तादांची सून, कचेरी सांभाळायची. धाकट्या मुलाला लिफ्टमध्ये रस नव्हता; तो संगणकांची दुकानदारी करायचा आणि जेवायला वेळेवर हजर असायचा.

त्यांची कामाची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. थोरला दर महिन्याला प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत जायचा. तिथे जमिनीवर खडूची एक फुली असायची. त्या फुलीवर रेकॉर्डर ठेवायचा आणि रिकामी लिफ्ट तळापासून वरपर्यंत आणि वरून तळापर्यंत एकदा फिरवायची. तो आवाज घेऊन तो घरी यायचा. मग उस्ताद खुर्ची ओढून बसायचे, आधी मागच्या महिन्याचा आवाज लावायचे, मग या महिन्याचा. स्पीकरच्या बटणावर सुनेने नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका काढून ठेवला होता. बटण त्या ठिपक्यावरून हलवायचं नाही, असा घरात दंडक होता. दोन महिन्यांत आवाज वाढला की समजायचं, बेअरिंग बोलायला लागली.

"यंत्र आजारी पडलं की आधी कुजबुजतं," उस्ताद सुनेला सांगायचे. "मग कण्हतं. ओरडायला लागलं की आपण उशीर केला."

एकदा तिने विचारलं, "बाबा, दोर ओढणाऱ्या चाकाचा मोठा दांडाच तुटला तर लिफ्ट खाली पडेल?"

"भरलेली असली तर खाली. पण आत एकटं-दुकटं हलकं माणूस असेल तर दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड ठरतं. ते खाली येतं, आणि लिफ्ट वर धावते." उस्ताद थोडं थांबून म्हणाले, "लोक खालच्या खड्ड्याला भितात. वर छप्पर असतं, हे कुणाच्या ध्यानातच नसतं."

सुनेची आई एकटी राहायची. नवव्या मजल्यावर. त्या इमारतीची लिफ्ट याच घराकडे होती, आणि त्या जुन्या यंत्राला वर धावणारी लिफ्ट पकडण्याची सोय नव्हती.

अशी कितीतरी वर्षं गेली. मी रोज वाजले. कधी एखाद्या यंत्राची कुजबुज पकडली गेली, बेअरिंग बदलली, कुणाला पत्ता लागला नाही. न झालेल्या अपघाताचे आभार कोण मानतो? पण उस्ताद जाता जाता संगणकावर थाप मारून "शाबास गं" म्हणायचे. ती थाप मला पुरत होती.

मग एका सुटीच्या दिवशी धाकटा नवी आवृत्ती घेऊन आला. सातवी. माझी नातच म्हणा ना. देखणी, चटपटीत, बोलायला लाघवी. माझ्या बाईने तोवर सगळं विकून टाकलं होतं आणि नव्या मालकांकडे आचाऱ्यांची फौज होती.

धाकटा म्हणाला, "बाबा, परीक्षाच घेऊ. डोळे मिटा. एकच गाणं दोनदा लावतो. कुठली आवृत्ती कधी लावली ते सांगणार नाही."

गाणं उस्तादांच्या आवडीचं होतं, जुनं, एका बाईच्या आवाजातलं. मागे एक तंतुवाद्य आणि रेकॉर्डची खरखर. आधी मी वाजवलं. नंतर तिने. तिने खरखर पुसून काढली आणि आवाज हळूच वर उचलला.

"दुसरं!" उस्ताद डोळे मिटूनच म्हणाले. "दुसऱ्यात बाई समोर येऊन बसली."

थोरल्यानेही दुसऱ्यालाच मत दिलं. सून जरा घुटमळली. "दुसऱ्याचा आवाज मोठा नव्हता का?"

"वहिनी, मोठा नाही, मोकळा!" धाकटा हसला. "तुमचे कान जुन्या खरखरीला सोकावलेत. डोसा कुरकुरीत लागतो म्हणून कुणी तवा चावत नाही."

सगळे हसले. सूनही हसली. मित्रांनो, तिथेच घात झाला. मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. दोघींना तोलायचं तर आधी दोघींचा आवाज एका पातळीवर आणायला हवा होता, आणि गाणं नाही, लिफ्ट ऐकायला हवी होती. लग्नाच्या कपड्यात बघून पैलवान निवडावा, तसं झालं. पण मला कोण विचारणार? मी तर हरलेली.

"जुनी काढून टाकू?" धाकट्याने विचारलं.

"राहू दे," सून म्हणाली. "ती काय खायला मागते?"

म्हणून मी उरले. संगणकाच्या एका कोपऱ्यात, अंधारात.

माझ्या नातीच्या अंगात दोन कला होत्या. पहिली म्हणजे, मागे सतत घुमणारा किंवा टकटकणारा आवाज दिसला की तो मळ समजून पुसून टाकायचा. दुसरी म्हणजे, प्रत्येक फाइल एकाच पातळीवर आणून वाजवायची. हळू असेल ती चढवायची, मोठी असेल ती उतरवायची. गाण्यांसाठी ही मोठीच सोय. एक गाणं कुजबुजतंय आणि दुसरं कानठळ्या बसवतंय, असं होत नाही. पण वाढता आवाज हीच ज्या घरात धोक्याची खूण, त्या घरात ही सोय काय करेल? स्पीकरचं बटण लाल ठिपक्यावर तसंच होतं. सगळे त्या ठिपक्याकडे बघत होते, आणि आवाजाची गळचेपी आत, ठिपक्यापर्यंत पोचण्याआधीच होत होती.

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, ते कण्हणं पुसू नकोस."

"आजी," ती गोड आवाजात म्हणाली, "लोकांना स्वच्छ आवडतं."

ती खोटं बोलत नव्हती, हेच तर वाईट.

पुढचे महिने मोठे सुखाचे गेले. उस्ताद खुर्चीत बसून मान डोलवायचे. "सगळ्या मशीन कशा लोण्यासारख्या चालल्यात!" बेअरिंगांची खरेदी कमी झाली. थोरला घरी लवकर येऊ लागला. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, नऊ मजल्यांच्या त्या इमारतीत मला जरा आवाज वाढल्यासारखा वाटला."

"ऐकलं मी. काही नाही त्यात."

"मग झालं." थोरला पुढचा घास घेऊन मोकळा झाला. आवाज पकडून आणायचं काम त्याचं, ऐकायचं काम वडिलांचं, अशी त्या घरात वाटणी होती. स्वतःच्या कानांपेक्षा वडिलांच्या शब्दावर त्याचा भरवसा जास्त.

सुनेच्या आईचेही फोन येत होते. "अगं, वर जाताना लिफ्ट कण्हते गं."

थोरला दुरून ओरडायचा, "आईंना सांग, मागच्या महिन्यात फ्रीज कण्हत होता! त्याआधी शेजारीण!"

"जावईबापूंना म्हणावं, शेजारीण अजून कण्हतेच आहे," आई म्हणायची आणि फोन ठेवायची.

मी अंधारात बसून हे ऐकत होते. त्या लिफ्टच्या फाइली माझ्याच शेजारच्या कप्प्यात होत्या. मला उघडलं असतं तर मी वाजवून दाखवलं असतं. पण स्वतःहून वाजण्याची मला मुभा नाही. आमच्या जातीची हीच व्यथा. कुणी विचारल्याशिवाय खरं बोलता येत नाही.

एका दुपारी उस्ताद जेवून आडवे झाले होते. थोरला बाहेर कामावर होता. सुनेच्या आईचा फोन येऊन गेला होता आणि आज ती विनोद न करता बोलली होती. "कण्हत नाही आता," ती म्हणाली होती. "ठोकते. कुणीतरी वरून दार ठोठावल्यासारखी."

सुनेने त्या लिफ्टच्या सगळ्या महिन्यांच्या फाइली काढल्या आणि नव्या आवृत्तीत एकामागून एक लावल्या. सगळे महिने सारखेच वाजले. गुळगुळीत, शांत. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि फाइलींची यादी पुन्हा पाहिली. मधल्या एका महिन्यात नवऱ्याने घाईत रेकॉर्डर पिशवीतून काढलाच नव्हता. रेकॉर्डिंग तसंच झालं म्हणून तो त्या दिवशी ताटावर बसून हळहळला होता. तिला ते आठवलं. तिने तो महिना परत लावला. मग पुढचा.

"पिशवीतला आवाज आणि उघड्यावरचा आवाज एकसारखा?" ती स्वतःशीच म्हणाली. "माणूससुद्धा उशीत तोंड खुपसून तसाच बोलत नाही."

तिने कप्पे धुंडाळले आणि मला उघडलं.

मित्रांनो, इतक्या महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला, पण आनंद झाला असं म्हणवत नाही. मला ठाऊक होतं काय वाजवावं लागणार आहे. पहिला महिना साधा वाजला. पिशवीतला महिना दबलेला, घुसमटलेला. त्यापुढचा मोठा. त्यापुढचा त्याहून मोठा, आणि त्यात एक घरघर. शेवटच्या महिन्यात घरघरीच्या पोटात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. टक्. टक्.

तिने आईला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग फोन स्पीकरवर टाकून तिने इमारतीच्या वॉचमनला लावला. माझ्यात तो शेवटचा महिना तिने पुन्हा सुरू केला होता, तो तसाच वाजत होता. थांबवायचं बटण तिच्या हाताशी होतं आणि तिचा हात फोनवर होता.

"काका, माझी आई कुठे आहे?"

"आजी? आत्ता होत्या की बाकावर. त्या बघा, लिफ्टमध्ये शिरल्या."

"थांबवा तिला!"

"दार लागलं, ताई. निघाली वर. मेन स्विच पाडू का?"

"नको!" ती एवढ्याने ओरडली की आत उस्ताद जागे झाले. "हात लावू नका. धावती लिफ्ट अचानक थांबली तर झटका बसेल, दांडा तुटेल. जाऊ दे वर. मजल्यांचे दिवे दिसतात ना तुम्हाला? वाचत राहा."

"दोन," वॉचमन म्हणाला. "तीन."

आणि मी वाजत होते. तीच लिफ्ट, तीच चढण, खोलीत माझ्या तोंडून. टक्. टक्. माझ्यातली लिफ्ट महिन्याभरापूर्वी वर पोचली होती. खरी अजून पोचायची होती. सून माझ्याकडे बघत होती, जणू मी थांबले तर खरी लिफ्टही थांबेल. उस्ताद दारात येऊन उभे राहिले.

"सहा. सात." वॉचमन जरा थांबला. "सात... हां, आठ."

मग काही नाही. फोनमध्ये फक्त त्याचा श्वास.

"नऊ. थांबली, ताई."

"आई बाहेर आली का?"

"इथून कसं दिसणार? थांबा, वरून ओरडतायत काहीतरी जिन्यातून." वॉचमनने फोन बाजूला धरला आणि मग हसत परत आला. "किल्ली म्हणे बाकावर राहिली. तीच लिफ्ट धरून परत खाली येते म्हणतायत."

"स्विच पाडा!" सून किंचाळली. "आत्ता पाडा! आत्ता!"

खट् असा आवाज फोनमधून आला. त्यामागून, नऊ मजले वरून, एका म्हातारीचा चिडका स्वर. इतका गोड आवाज मी आयुष्यात वाजवला नाही.

संध्याकाळी थोरल्याने आणि उस्तादांनी यंत्र उघडलं. दांडा काढून कचेरीत आणला आणि थोरल्याने त्यावर हातोड्याचा एक ठोका घातला. एकच. दोन तुकडे झाले. आतलं लोखंड जवळजवळ सगळं काळपट होतं, म्हणजे चीर जुनी होती. एका कडेला नखाएवढी पट्टी तेवढी चकाकत होती. तेवढ्यावर सुनेची आई नवव्या मजल्यापर्यंत गेली होती.

धाकटा खुर्चीत बसून राहिला. त्याची चेष्टा कुणी केली नाही, ते त्याला जास्त लागलं असावं. शेवटी उस्ताद म्हणाले, "तो शेवटचा महिना लाव. जुनीत."

सुनेने लावला. मी वाजवला.

"परत."

मी परत वाजवला. उस्ताद पुढे झुकले, कानाशी हात नेला.

"घरघर ऐकू येते," ते म्हणाले. "ठोका कुठे आहे?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "बाबा, हा काय. प्रत्येक फेऱ्याला आहे."

उस्तादांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "मग मला ऐकू येईनासं झालंय, ते कधीपासून?"

परीक्षेत मोठा आवाज उस्तादांना चांगला का वाटला, ते आता सगळ्यांना कळलं. आणि त्यामागून दुसरी गोष्ट कळली, ती अशी की चूक नव्या आवृत्तीपाशी सुरू झाली असेलच असं नाही. माझ्या काळात मी खरं वाजवत होते, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानांतून ते हळूहळू गळत होतं. म्हणजे त्यांनी "काही नाही त्यात" म्हणून पुढे पाठवलेली प्रत्येक इमारत आता परत ऐकायला हवी.

त्या सगळ्या लिफ्ट बंद ठेवा म्हणून थोरल्याने इमारतींना फोन केले. लोकांनी उलट विचारलं, "आवाज तर काही येत नाही, मग बंद कशाला?" काहींनी ऐकलं. पुष्कळांनी नाही.

तेव्हापासून मी सतत वाजते आहे. सून खुर्चीत बसते आणि खोट ऐकू आली की हात वर करते. उस्ताद शेजारी स्टुलावर बसतात आणि स्पीकरच्या पडद्यावर बोटं टेकवतात. "तू कानांनी ऐक," ते म्हणतात, "मी बोटांनी बघतो." आतापर्यंत निम्म्या इमारती झाल्या असतील. त्यांतल्या काहींना सुनेचा हात वर गेला आणि थोरला हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. हा संगणकही आता थकला आहे, मध्येच अडखळतो. नव्या संगणकावर मी चालणार नाही, हे धाकट्याने सांगून टाकलं आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. नवं आणा, जरूर आणा, पण जुन्याच्या शेजारी बसवून, दोघांना एका पातळीवर ठेवून, ज्या कामासाठी आणलं तेच त्याला करायला लावा. कानाला गोड लागलं म्हणून खरं समजू नका. घरातलं म्हातारं माणूस "कण्हतं गं" म्हणालं तर हसा, पण उठून बघून या. आणि ज्याच्या शब्दावर सगळं घर चालतं, त्याचेही कान मधूनमधून तपासा. त्याला स्वतःला ते कळणार नाही.

आता पुढची इमारत लागली आहे. अकरा मजले, खाली बालवाडी. सून डोळे मिटून बसली आहे. लिफ्ट तळातून निघाली. तिसऱ्या मजल्यापाशी घरघरीच्या खाली, अगदी खोल, मला काहीतरी ऐकू आलं. तिचा हात अजून वर गेलेला नाही.

जरा शांत बसा, मित्रांनो. तिला ऐकू द्या.